साठीनंतरचे काम: बीड जिल्ह्याचा हिशेब

महाराष्ट्रात सेवानिवृत्तीचे वय एकच नाही. राज्य सरकारच्या अ, ब आणि क वर्गातील कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, ड वर्गातील ६० व्या वर्षी. केंद्र सरकारने १९९८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचे वय ५८ वरून ६० केले आणि तेव्हापासून राज्यातही ते वाढवावे अशी अधिकारी संघटनांची मागणी आहे. एसटीचा चालक-वाहक, साखर कारखान्याचा कामगार, सहकारी बँकेचा शिपाई यांची निवृत्ती साधारण अठ्ठावन्न ते साठच्या दरम्यान होते. शेतकरी, ऊसतोड मजूर, शेतमजूर बाई, हमाल, हातगाडीवाला यांच्यासाठी असे वय कोणीही ठरवलेले नाही. बीड जिल्ह्यात हा दुसरा वर्ग पहिल्याच्या अनेक पट मोठा आहे. त्यामुळे निवृत्तीनंतरही माणसे काम का करतात, हा प्रश्न इथे विचारला की त्याचे लगेच दोन तुकडे पडतात. निवृत्तिवेतन असलेली माणसे काम का करतात, हा एक; आणि ज्यांच्या आयुष्यात निवृत्ती नावाची गोष्टच नाही त्यांच्या उतारवयाचे काय होते, हा दुसरा.

ठराविक वयानंतर दरमहा रक्कम देण्याचा पहिला मोठा कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये झाला. त्यात वयाची अट ७० वर्षांची होती. त्या व्यवस्थेला दोन गोष्टी लागत होत्या: नियमित पगार, आणि त्या पगारातून वर्गणी कापून घेणारा मालक. पुढे जगभर निवृत्तिवेतनाच्या अनेक योजना याच दोन खांबांवर उभ्या राहिल्या. भारतात बहुसंख्य श्रमिकांना हे दोन्ही खांब मिळाले नाहीत. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर तीन माणसांपैकी एकाहून अधिक जण काम करताना आढळले. ग्रामीण भागात हे प्रमाण शहरांपेक्षा जास्त होते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत दर शंभरात जवळपास दहा माणसे साठीच्या पुढची होती, आणि हा आकडा पुढे वाढतच जाणार आहे.

बीड जिल्ह्याचे अकरा तालुके बालाघाटाच्या रांगेने विभागले आहेत. गोदावरीच्या बाजूला गेवराई आणि माजलगाव. तिथे जायकवाडीचा उजवा कालवा आणि माजलगावचे धरण यांचे पाणी काही भागाला मिळते. घाटावरच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या पट्ट्यात पाऊस पर्जन्यछायेतला, जमीन हलकी आणि उद्योग जवळजवळ नाहीत. परळीचे औष्णिक वीज केंद्र, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा परिषद, शाळा आणि काही साखर कारखाने एवढाच नियमित पगाराचा आधार. गावात महिन्याच्या एक तारखेला ज्यांच्या खात्यात पैसे जमा होतात अशी घरे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच असतात, आणि त्यांतली बरीचशी निवृत्त शिक्षकांची असतात.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. दोन माणसांच्या घराला ही रक्कम पुरेशी आहे. तरीही अशी अनेक माणसे निवृत्तीनंतर दुसऱ्या कामाला लागतात, आणि त्याची कारणे घरोघर जवळजवळ सारखीच असतात. पहिले कारण मुलांचे आहे. एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेला मुलगा तिशी ओलांडतो. जाहिरात निघते, परीक्षा पुढे ढकलली जाते, निकाल न्यायालयात अडकतो, आणि खोलीचे भाडे, अभ्यासिका, खानावळ यांचा खर्च वडिलांच्या निवृत्तिवेतनातून भागत राहतो. नातवंडांना अकरावी-बारावीसाठी लातूरला ठेवायचे तर तो खर्च आणखी वेगळा. जी रक्कम दोघांसाठी होती ती सहा-सात जणांत वाटली जाते. निवृत्त गुरुजींच्या शिकवण्या, विमा प्रतिनिधीचे काम, पतसंस्थेतली जबाबदारी, नव्याने घेतलेल्या चार एकरांतली शेती हे सारे या वाटणीतून उभे राहते.

दुसरे कारण मानाचे आहे, आणि ते पैशाच्या कारणापेक्षा कमी लेखणे चूक ठरेल. पस्तीस वर्षे ज्याला गाव 'गुरुजी' म्हणून विचारत आले, त्याच्याकडे दाखल्यासाठी, अर्जासाठी, भांडण मिटवण्यासाठी येणारी माणसे निवृत्तीनंतर वर्षभरात कमी होतात. काम चालू राहिले तर विचारणाही चालू राहते. बीड ही गहिनीनाथगड, नारायणगड अशा संतांच्या गडांची भूमी असल्याने इथे एक वेगळी वाटही आहे. निवृत्तीनंतर कीर्तन, प्रवचन, सप्ताहाचे नियोजन, पारायणाची व्यवस्था यांत उतरणारे शिक्षक गावोगाव दिसतात. कोणी ते मानधन घेऊन करतो, कोणी केवळ नारळ-उपरण्यावर. पण सकाळी उठून कुठेतरी पोहोचायचे आहे ही गोष्ट दोघांच्याही दिवसाला आकार देते.

शासनालाही या माणसांची गरज पडली. शिक्षकभरती रखडल्याने जिल्हा परिषदेच्या शाळांत जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर कंत्राटी पद्धतीने घेण्याचा निर्णय केला. वयाची मर्यादा ७० वर्षांची होती. निवृत्तांच्या दृष्टीने हा सन्मान होता, डी.एड., बी.एड. करून वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणाऱ्या तरुणांना तो आपल्या ताटातला घास वाटला, आणि त्यांच्या संघटनांनी विरोध केला. दोन्ही बाजूंना आपापली जागा होती. ज्या घरात निवृत्त वडील आणि बेकार बी.एड. मुलगा एकाच छपराखाली राहतात, त्या घराला हा वाद बाहेरून ऐकण्याची गरज पडली नाही. पोकळी मात्र निवृत्त शिक्षकांनी निर्माण केली नव्हती. भरती वेळेवर न होणे हे तिचे मूळ होते.

याच शाळांच्या जगात निवृत्त होऊनही निवृत्तिवेतन नसलेली एक पिढी तयार होत आहे. २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांना अंशदायी योजना लागू झाली. मार्च २०२३ मध्ये जुन्या योजनेसाठी राज्यभर संप झाला तो यांचाच. त्यांच्याहून वाईट अवस्था विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची. आज ना उद्या अनुदान मिळेल या आशेवर त्यांनी पंधरा-वीस वर्षे नाममात्र पगारात किंवा पगाराशिवाय शिकवले. मग २० टक्के, ४० टक्के असे टप्प्याटप्प्याने अनुदान आले. पूर्ण पगार हातात पडण्याआधीच अठ्ठावन्न पूर्ण होणारा माणूस निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, यात निवड शोधण्यात अर्थ नाही.

एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या आणि सहकारी संस्थांच्या कामगारांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ लागू आहे. बोलीत ती 'ईपीएस ९५' म्हणून ओळखली जाते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या या योजनेत मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत जाते. पण पूर्ण पगारावर नव्हे, ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर. ही मर्यादा अनेक वर्षे ६,५०० रुपये होती, सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली. हिशेबाचे सूत्र सोपे आहे: पात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. वीस वर्षे पूर्ण केलेल्याला दोन वर्षे वाढवून मिळतात.

२०१९ मध्ये निवृत्त झालेल्या एसटी चालकाचा हिशेब या सूत्राने मांडून पाहता येतो. १९९५ ते २०१४ या जवळपास एकोणीस वर्षांसाठी ६,५०० गुणिले १९ भागिले ७०, म्हणजे सुमारे १,७६५ रुपये. पुढच्या पाच वर्षांसाठी १५,००० गुणिले ५ भागिले ७०, म्हणजे सुमारे १,०७० रुपये. वाढीव दोन वर्षांचे चारशेहून थोडे अधिक आणि १९९५ पूर्वीच्या सेवेचे काही रुपये धरले तरी आकडा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. त्यावर महागाई भत्ता नाही. ही रक्कम पहिल्या महिन्यात जेवढी असते तेवढीच वीस वर्षांनीही राहते. कमी सेवा झालेल्यांना दोन हजारांच्या आतच मिळते. २०१४ मध्ये किमान रक्कम १,००० रुपये ठरली आणि ती ७,५०० करावी यासाठी देशभरचे वृद्ध निवृत्तिवेतनधारक आंदोलन करत आहेत. त्यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीचे मुख्य केंद्र महाराष्ट्रातच, बुलढाण्यात आहे.

साडेतीन हजारांत बीड शहरात दोन खोल्यांचे भाडेसुद्धा निघत नाही. म्हणून निवृत्त चालक शाळेच्या बसवर जातो, पुण्याला रात्री सुटणाऱ्या खासगी गाडीवर बदली चालक म्हणून बसतो, कारखान्याचा जुना कामगार पेट्रोल पंपावर किंवा जिनिंगच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारा करतो. पहाऱ्याच्या कामात त्याची स्पर्धा माजी सैनिकांशी असते, जे चाळिशीच्या आसपासच सैन्यातून बाहेर पडतात आणि दुसरी नोकरी करणे ज्यांच्या बाबतीत अगदी स्वाभाविक आहे. साठीच्या माणसाला कमी पगारावर बारा तास उभे करणे मालकाला परवडते, कारण त्याच्याजवळ दुसरा पर्याय नसतो हे दोघांनाही ठाऊक असते.

गेल्या काही वर्षांत बीडमध्ये एक नवे कारण या सर्वांत मिसळले. निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळणारे उपदान आणि भविष्य निर्वाह निधी ही बहुतेकांच्या आयुष्यातली एकमेव मोठी रक्कम. तिच्यातून मुलीचे लग्न, घराचा स्लॅब आणि कर्ज वजा जाता जे उरते ते ठेवीत जाते. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा कितीतरी चढे व्याज देणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थांनी जिल्ह्यात जागोजाग शाखा उघडल्या होत्या. ठेवी गोळा करणारा माणूस ओळखीचा, कित्येकदा नात्यातला. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमधून २०२३ च्या अखेरीस ठेवी परत मिळेनाशा झाल्या, आणि २०२४ मध्ये गुन्हे दाखल होऊन तिच्या अध्यक्षांना अटक झाली. ठेवीदारांची संख्या लाखांत आणि अडकलेली रक्कम हजारो कोटींत आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते; पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही, ही गोष्ट बहुतेकांना पैसे अडकल्यावर कळली. घरात बसून व्याजावर राहण्याचा ज्यांचा बेत होता, त्यांतले अनेक जण बासष्टाव्या-पासष्टाव्या वर्षी पुन्हा काम शोधू लागले. या माणसांना कोणी 'आवडीने काम करणारे ज्येष्ठ' म्हणू नये.

शेतकऱ्याच्या उतारवयाचे गणित पगाराच्या भाषेत मांडता येत नाही. त्याच्या हातात जमीन असते, आणि ती ज्याच्या नावावर तोच पीक कर्जाचा, पीक विम्याचा, पीएम किसानच्या वर्षाच्या सहा हजारांचा आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेतल्या तेवढ्याच रकमेचा धनी. सातबारा मुलांच्या नावे करून दिला की हे सगळे मुलांकडे जाते. वाटणीनंतर आई एका मुलाकडे आणि वडील दुसऱ्याकडे, किंवा दोघेही महिन्याच्या पाळीने, ही पद्धत गावागावांत आहे. ती टाळण्याचा मार्ग म्हणजे जमीन जिवंतपणी वाटायची नाही आणि ती कसत राहायची. सत्तरीचा माणूस बांधावर जातो, पेरणीला पाभरीमागे चालतो, सोयाबीनच्या राशीजवळ रात्री झोपतो, तेव्हा त्यात सवय असते, माती सुटत नाही हेही असते. पण कर्ता अजून मीच आहे हे घराला रोज दाखवून देणेही असते. 'बसून खातो' हे शब्द सुनेच्या तोंडून एकदाही ऐकायला लागू नयेत यासाठी म्हातारी माणसे किती राबतात, याची मोजणी कोणत्याही पाहणीत होत नाही.

शेळ्या हे या वयाचे खास काम. चार-पाच उस्मानाबादी शेळ्या राखायला ताकद कमी लागते, चारा बांधावरचा असतो, आणि अडचणीला एक बोकड विकला की दवाखान्याचा खर्च निघतो. आश्विन-कार्तिकात बालाघाटाच्या डोंगरकडांवर सीताफळे येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती तोडून आणणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका पुष्कळ असतात. पहाटे डोंगरात जायचे, डोळे उघडलेली तेवढीच फळे पाहून तोडायची, पाटीत पानांचे थर देऊन रचायची, आणि पाटी डोक्यावर घेऊन धारूर किंवा बीडच्या रस्त्याला येऊन बसायचे. फळ दोन दिवसांत पिकते, म्हणून भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्यापुढे फार ताणता येत नाही. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि त्याखालोखाल पासष्टपासून निम्म्या भाड्यात प्रवास दिला, तेव्हा अशा बायकांना तालुक्याच्या बाजारापर्यंत जाणे सोपे झाले. सवलतीचा हा उपयोग तिच्या जाहिरातींत कुठे दिसत नाही.

मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांत बीड जिल्हा सतत वरच्या क्रमांकांवर राहिला आहे. आत्महत्या करणारे बहुतेक पुरुष ऐन उमेदीतले असतात. त्यांच्या मागे राहिलेल्या घरात पुन्हा कामाला लागणारे पहिले माणूस बहुधा त्यांचे वडील किंवा आई असते. ज्यांनी खुरपे खाली ठेवले होते ते पुन्हा हाती घेतात, कारण नातवंडे लहान असतात आणि सून एकटी पडलेली असते. साठीनंतरच्या कामाचे याहून जड कारण दुसरे सापडणार नाही.

आणि मग ऊसतोड. घाटावरच्या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास काही लाख माणसे पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक आणि मराठवाड्यातल्याच कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर गोळा करणारा मुकादम हंगामापूर्वी उचल देतो, ती तोडणीतून फेडायची; फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. पहाटे तीन-चारला फडात उतरायचे, तोडायचे, पाचट सोलायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न होऊन कोयता हातात घेतलेल्या माणसाचे शरीर पंचेचाळिशीतच कंबर आणि गुडघ्यांत गेलेले असते. बायकांचे त्याहून आधी. २०१९ मध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अंगावरून जाणे किंवा पोटदुखी यांमुळे पडणारा खाडा परवडत नाही, हे कारण अनेकींच्या बोलण्यात होते. या स्त्रिया पस्तिशीत म्हाताऱ्या होतात आणि त्यानंतरही वीस वर्षे तोडणीला जातात.

म्हातारपण आले की टोळीतली जागा हळूहळू खाली सरकते. जोडीदार मेला किंवा थकला की माणूस 'अर्धा कोयता' होतो, आणि उचलही त्या मानाने निम्मी. पुढे तो मुलाच्या कोयत्याबरोबर जातो: कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, राहून नातवंडे सांभाळणे, सरपण-पाणी, भाकरी, बैलांची वैरण, उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधून विकणे. ही सारी कामे झाली नाहीत तर तरुण जोडी पहाटे फडात जाऊच शकणार नाही, पण तोडणीच्या टनाच्या दरात त्यांचा वेगळा पैसा नसतो. अगदीच झेपेनासे झालेली माणसे गावात मागे राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत घाटावरची कित्येक गावे म्हाताऱ्यांनी आणि शाळकरी पोरांनीच चालवलेली असतात. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मुलांना जेवण मिळते. रात्री त्यांना जवळ घेऊन झोपणारी, ताप आल्यास दवाखान्यात नेणारी आजीच असते.

साठीनंतर या माणसांना शासनाकडून काय मिळते? पासष्ट वर्षांपुढच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे; २०२३ पासून तिची रक्कम १,५०० रुपये झाली. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५०. प्रामाणिकपणे मोजले तर कोयत्यावर जाणारे कोणतेही घर यात बसत नाही; दाखला मिळतो तो तलाठ्याच्या समजूतदारपणावर. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत एवढीच रक्कम, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पण ती २१ ते ६५ या वयासाठी. म्हणजे पासष्ट ओलांडताच स्त्रीची रक्कम बंद होते आणि पुढच्या योजनेच्या दारात उत्पन्नाची अट एकदम बारा पटींनी कडक होते. ज्या वयात हात थकतात त्याच वयात अट कठोर व्हावी, ही रचना दुरुस्त करण्यासारखी आहे आणि ती दुरुस्ती अवघड नाही. असंघटित कामगारांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आणलेल्या श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर ३,००० रुपयांची हमी आहे, पण त्यात १८ ते ४० या वयातच नाव घालता येते आणि तिथून साठीपर्यंत दरमहा वर्गणी भरावी लागते. वर्षाचा अर्धा काळ फडात आणि उरलेला उचलीवर काढणाऱ्याला हे जमणे कठीण. आणि त्या वर्षी जे चाळिशीपार होते ते कायमचे बाहेर राहिले.

नियमित मालक नाही म्हणून निवृत्तिवेतन देता येत नाही, हा युक्तिवाद मात्र महाराष्ट्रातच खोटा ठरलेला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने बाजारातल्या हमालांसाठी मंडळे उभी केली. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या या कामगारांची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापारी मंडळाकडे भरतात, आणि हमाल आज एका गाळ्यावर व उद्या दुसऱ्या गाळ्यावर काम करत असला तरी त्याचा भविष्य निर्वाह निधी व उपदान त्याच्या नावावर साठत राहते. ऊसतोडीलाही असाच कायदा लागू करावा ही मागणी जुनी आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार महामंडळाला कारखान्यांनी प्रतिटन १० रुपये द्यावेत आणि तेवढेच शासनाने घालावेत असे ठरले आहे. वसतिगृहे, ओळखपत्रे, अपघात विमा अशी कामे त्यातून सुरू झाली. ठराविक वयानंतर दरमहा रक्कम देण्याची तरतूद अजून उभी राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, ती वाढ कोयता चालवणाऱ्या हातांना मिळाली. ज्यांचे हात थांबले त्यांच्यापर्यंत दरवाढ पोहोचत नाही, आणि तोडणी यंत्रे जशी वाढतील तसे टोळीत घेतले न जाण्याचे वय खाली येत जाईल.

टनावर आधारलेल्या वर्गणीला लागणारी मोजणी रोज होतेच. उसाची प्रत्येक खेप कारखान्याच्या काट्यावर वजन होऊनच आत जाते आणि तिची पावती निघते. ही पावती वाहनाच्या किंवा मुकादमाच्या नावावर पडते. ऊस तोडणाऱ्या नवऱ्याचे आणि बायकोचे नाव त्या टनांसमोर स्वतंत्रपणे लिहिले गेले, तर पंचवीस हंगामांनंतर कोणी किती ऊस तोडला हे सांगणारा कागद दोघांच्याही हातात असेल, आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब त्यावरून करता येईल.